पानाला बारा स्वल्पविराम

मला राग पटकन येतो आणि जायला फार वेळ लावतो. पुण्याच्या त्या संपादकांवरचा तर अजून गेलेला नाही. माझ्या गोष्टींचं पुस्तक त्यांच्याकडे छापायला होतं, तेव्हा त्यांनी मला फोनवर विचारलं, "ताई, तुमची सगळी माणसं अशी धापा टाकत का बोलतात? डोंगर चढून आल्यासारखी?"

मी म्हटलं, "आमच्याकडे डोंगरच आहेत, साहेब."

ते हसले नाहीत. मीही हसवायला बोलले नव्हते.

त्यांचं म्हणणं असं होतं, की माझ्या गोष्टींतल्या बोलण्यात स्वल्पविराम फार झालेत. वाक्य सुरू होतं न होतं तोच थांबतं. म्हणून त्यांनी ते सगळे काढून टाकले, वाफ्यातलं गवत खुरपून काढावं तसे. मला न विचारता. हे शेवटचं मला जास्त लागलं. आमच्या धंद्यात दुसऱ्याच्या वाफ्यात हात घालायचा तर आधी हाक मारतात.

धंदा म्हणजे रोपवाटिका. पिंपरी पेंढारला हायवेच्या कडेला माझी तीन शेडनेट आहेत. टोमॅटो, मिरची, फ्लॉवर, झेंडू, जो हंगाम असेल त्याची रोपं. सुरुवात घरामागच्या चार वाफ्यांपासून झाली. कुणी हातात आणून दिलं नाही. बियाणं विकणाऱ्याशी, ट्रे विकणाऱ्याशी, टेम्पोवाल्याशी आणि रोपं न्यायला येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याशी घासाघीस करत हे उभं राहिलं. मी दहावी पास आहे. पंचेचाळिशीनंतर गोष्टी लिहायला लागले, त्या बियाण्याच्या कंपनीकडून फुकट मिळालेल्या डायऱ्यांमध्ये. दोन दिवाळी अंकांत गोष्टी आल्या, मग पुण्याहून पत्र आलं, मग हा फोन.

स्वल्पविराम कुठे द्यायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी माणसं बोलताना जिथे थांबतात तिथे देत होते. घासाघीस करणाऱ्याचा कान शब्दांकडे नसतो, थांबण्याकडे असतो. समोरचा "एवढ्याला देता का" असं सरळ म्हणाला, तर तो नुसता चौकशी करून पुढच्या रोपवाटिकेत जाणार. तोच "एवढ्याला, देता का" म्हणाला, तर त्याचा टेम्पो बाहेर उभा आहे आणि आज रोपं घेतल्याशिवाय तो जात नाही. शब्द तेच. मधल्या त्या जागेत मला अख्खा माणूस कळतो.

हे मी आत्याकडून शिकले.

माझी आई मी लहान असतानाच गेली. वडिलांनी मला आत्याकडे, आणे पठारावर, आणून सोडलं. तिथे पाणी कमी, पीक पावसाच्या भरवशावरचं. आत्या मटकी, हुलगे आणि बाजरी घेऊन सोमवारी बेल्ह्याच्या बाजाराला जायची आणि पोतं उघडून बसायची. मी तिच्या शेजारी. गिऱ्हाइकानं भाव विचारला, की ती अर्धंच वाक्य बोलायची. मग हात मटकीत घालायची, मूठभर मटकी वर उचलायची, बोटांतून सावकाश खाली सोडायची आणि त्यानंतर उरलेलं अर्धं बोलायची. तेवढ्या वेळात गिऱ्हाईक आपणहून थोडं वर सरकलेलं असायचं. मी हे किती सोमवार पाहिलं, त्याला गणती नाही.

आणि एकदा घरात पाहिलं. पाहिलं म्हणजे ऐकलं. मी नववीत होते. निरगुडसरहून पाहुणे मला बघायला आले होते. बागायतदार माणसं, स्वतःची गाडी करून आलेली. वडिलांनी त्यांना परस्पर होकार देऊन टाकला होता, उन्हाळ्यात लग्न उरकायचं ठरवूनही टाकलं होतं. आत्यानं फक्त चहा द्यायचा आणि हो म्हणायचं, एवढंच बाकी होतं. मी आत चुलीपाशी बसले होते. बाहेर आत्या म्हणाली, "पोरगी द्यायची हाय, तुमच्याच घरी द्यायची हाय, पन, धाव्वी झाल्यावर."

त्या "पन"नंतर आत्या थांबली. किती थांबली? मी चुलीत काटकी सरकवली, फुंकणीनं फुंकलं, काटकीनं पेट घेतला, आणि मग "धाव्वी" हा शब्द आला. एवढी थांबली. पाहुणे उठून गेले आणि परत आले नाहीत. वडील आत्याशी वर्षभर बोलले नाहीत. मी दहावी झाले.

माझ्या पुस्तकातली मोठी गोष्ट हीच आहे. आणि माझा सगळा धंदाही त्या थांबण्यावर उभा आहे. समोरचा कितीही मोठा असो, मी अर्ध्यावर थांबते, ट्रेमधल्या एखाद्या रोपाची पानं उलटून बघते आणि मग बोलते. माझ्या मते आत्यानं त्या दिवशी पाहुण्यांना मटकीच्या गिऱ्हाइकासारखं जोखलं होतं. मीही आयुष्यभर तसंच जोखत आले.

पुण्याहून मुद्रितं आली, तशी मी ती घेऊन आण्याला गेले. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. नजर जवळजवळ गेली आहे, कान मात्र शाबूत आहेत. ती ओसरीवर खाटेवर बसली होती. वहिनीनं, म्हणजे तिच्या सुनेनं, मला पाट दिला. मी गोष्ट वाचली, संपादकांनी छापलीय तशी, कुठे न थांबता. पहिल्यापासून शेवटपर्यंत. आत्या हनुवटीला हात लावून ऐकत होती.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"चांगलं हाय. कोनाची गं गोष्ट?"

"आत्या, तुझीच की."

"माझी?" तिनं हनुवटीवरचा हात काढला. "आगं, ही बाई लई धीट हाय. पावण्यांम्होरं फाडफाड बोलून मोकळी झाली. ही मी न्हाई."

"हेच बोलली होतीस तू. हेच शब्द."

"शबुद असतील. बाई दुसरी हाय."

मी वाद घालायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "पर तू छापलंयस म्हनल्यावर तसंच असंल बाय. मला आताशा काय ध्यानात ऱ्हात न्हाई."

हे मला सहन झालं नाही. आत्या कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हे. भावाचं ऐकलं नाही, निरगुडसरच्या बागायतदाराचं ऐकलं नाही, आणि आता चार छापील कागदांपुढे ती आपली आठवण खाली ठेवून मोकळी होत होती. पुस्तक निघालं काय आणि न निघालं काय, माझं पोट त्यावर नव्हतं. पण आत्यानं ते ऐकावं आणि "ही मीच" म्हणावं, एवढं मला पाहिजे होतं. आणि तिच्या वयाकडे बघता माझ्याकडे फार दिवस नव्हते.

मी अंगणात गेले, जिथे रेंज येते तिथे उभी राहिले आणि पुण्याला फोन लावला.

"माझे स्वल्पविराम परत टाका."

"ताई, थोडं ऐका. वाचणाऱ्याला पावलोपावली ठेच लागते. आणि ‘पण’नंतर कुणी स्वल्पविराम देतं का?"

"लागू द्या ठेच. पाहुण्यांनाही लागली होती."

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. माझं तीस वर्षं हेच काम आहे."

"माझंही तीस वर्षं हेच काम आहे. माणूस कुठे थांबतो ते बघायचं."

"मग दुसरीकडे बघा," ते म्हणाले. "पण सांगून ठेवतो, दारात चालून येणारे प्रकाशक वारंवार भेटत नाहीत."

मी फोन बंद केला. आत वहिनीनं आणि आत्यानं सगळं ऐकलं होतं. वहिनी म्हणाली, "ताई, पुस्तक गेलं का वो?" मी म्हटलं, "गेलं."

जुन्नरला बाजारपेठेच्या एका गल्लीत चाचांचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, उरुसाची आणि जत्रेची पत्रकं, असलं काम. माझ्या रोपवाटिकेची पत्रकं मी वीस वर्षं त्यांच्याकडूनच छापून घेते आणि वीस वर्षं त्यांच्याशी भांडते. एकदा टोमॅटोचं चित्र लालऐवजी भगवं आलं म्हणून मी सगळा गठ्ठा त्यांच्या टेबलावर आपटला होता. तेव्हा ते म्हणाले होते, "ताई, पिकायला ठेवा, होईल लाल." तर असं आमचं नातं. पिशवीत मूळ हस्तलिखित घालून मी त्यांच्याकडे गेले.

"पुस्तक?" चाचा चष्म्यावरून बघत म्हणाले. "ताई, मी कार्डं छापणारा माणूस."

"अक्षरं तीच असतात ना?"

"अक्षरं तीच असतात." त्यांनी पहिली चार पानं चाळली आणि मान हलवली. "लेकिन ताई, इतके स्वल्पविराम तर माझ्या वालिदांच्या केसमध्ये पण नव्हते."

त्यांचे वडील जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचे आणि त्यातून पान उभं करायचं, ते काम. चाचाही तरुणपणी तेच करत. आता सगळं कॉम्प्युटरवर होतं, पण खिळ्यांची ती लाकडी केस अजून भिंतीला टेकवून ठेवलेली आहे. तिच्या खणांत किल्ल्या, रबरबँड आणि चाचांच्या गोळ्या असतात. त्यांनी मला एक चिंचोका मावेल एवढा खण दाखवला. स्वल्पविरामाचे खिळे त्यात असायचे. साध्या मजकुराला ते पुरायचे. गावातलं कुणी नाटक छापायला घेऊन आलं, की हा खण दुपारपर्यंत रिकामा. नाटकात सगळं बोलणंच असतं. नवे खिळे मागवायचे तर लांबून यायचे. मग चाचांचे वडील लेखकाला बोलावून समोर बसवायचे आणि सांगायचे, एका पानाला एवढेच मिळतील, कुठे पाहिजेत ते सांग. लेखकानं वाक्य म्हणून दाखवायचं. पटलं तर खिळा बसायचा, नाही तर पुढे.

"आपण तसंच करू," चाचा म्हणाले. "पानाला आठ."

"कॉम्प्युटरला कुठे तोटा आहे? कळ दाबली की झालं."

"कॉम्प्युटरला नाही. वाचणाऱ्याला दम तेवढाच आहे ना. आठ."

"तीस."

"तीस? ताई, लग्नपत्रिकेत पण तीस नसतात, आणि तिथे तर सगळी भावकी एका ओळीत उभी असते."

"पंचवीस. त्याच्या खाली मी येणार नाही."

"तुम्ही दर वेळी हेच म्हणता. दहा."

मी केसमधला एक खण उघडला, त्यातली किल्ली उचलून बघितली आणि परत ठेवली.

"ते थांबण्याचं माझ्यावर नका चालवू," चाचा म्हणाले. "वीस वर्षं बघतोय. दहा म्हणजे दहा."

बारावर जमलं. पानाला बारा स्वल्पविराम, आणि प्रत्येक बोलून दाखवायचा. मला वाटलं, सौदा आपल्या बाजूनं झाला.

चाचांनी आत्याच्या गोष्टीचं पान काढलं आणि माझ्या मूळ खुणांप्रमाणे, जिथे स्वल्पविराम तिथे थांबत, मोठ्यानं वाचायला लागले. त्यांचा आवाज सपाट आहे, पत्रिकेतली नावं तपासून घेताना असतो तसा. आत्याचं बोलणं झालं, मग पाहुण्यांचं, मग डोकावायला आलेल्या शेजारणीचं. पान संपलं तसा त्यांनी चष्मा काढला.

"ताई, एक विचारू? रागवू नका."

"विचारा."

"ही आत्या म्हणजे तुम्ही. हे पाहुणे पण तुम्हीच. ती शेजारीण पण तुम्हीच. या घरात दुसरं कुणी आहे का? तुम्ही एकट्याच भांडताय."

मी उठले. काय बोलले ते इथे लिहीत नाही. चाचांना त्यातलं काहीच नवीन नव्हतं. चप्पल घालून गल्लीत आले, तेव्हा मागून त्यांची हाक आली, "ताई, कागद राहिले!"

"राहू द्या तिथेच!"

आठ दिवस मी जुन्नरकडे फिरकले नाही. पण चाचांचं ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं होतं. रोपवाटिकेत गिऱ्हाईक आलं, की मी भाव करायचा सोडून कान लावून बसायला लागले. एक दिवस एक मोठा बागायतदार आला आणि दारातूनच म्हणाला, "झेंडूची रोपं हायती का असली तर कंची हायती पिवळी का भगवी अन मला परवा सकाळच्याला पायजेत टेम्पो मी लावतो." एकदाही थांबला नाही. त्याला आजवर कुणी मध्ये अडवलेलंच नसणार. त्यानंतर एक बाई आली. पहिल्यांदाच एकटीनं खरेदीला आलेली. ती म्हणाली, "भाऊ, म्हंजी ताई, मिरचीची, थोडीच पायजेत." तिचं थांबणं माझ्यासारखं नव्हतं. मी दुसऱ्यानं बोलावं म्हणून थांबते. ती आपल्याला कुणी रागवत तर नाही ना, हे बघायला थांबत होती.

मग मी मूळ वही काढून बघितली. निरगुडसरचे पाहुणे माझ्या गोष्टीत दर तीन शब्दांनी थांबत होते. ते कशाला थांबतील? गाडी करून आलेली माणसं. मी त्यांच्या तोंडात माझा श्वास कोंबला होता. माझ्या पुस्तकातला प्रत्येक माणूस मटकीत हात घालून बसला होता. म्हणजे पुण्याचे संपादक निम्मे बरोबर होते. हे मी त्यांना कळवलेलं नाही आणि कळवणारही नाही. निम्मं बरोबर असलेल्या माणसानं निदान आधी विचारायला हवं होतं. ते त्यांनी केलं नाही, तेवढा हिशेब माझ्याकडे अजून उघडा आहे.

चाचांकडे परत गेले, तेव्हा माझे कागद टेबलावर तसेच होते, उडू नयेत म्हणून वर शिशाचा एक ठोकळा ठेवलेला. मागच्या भांडणाचा त्यांनी शब्दही काढला नाही. "बसा ताई," म्हणाले, "पान पाच."

मग जवळजवळ दोन महिने मी दर गुरुवारी दुपारी जात राहिले. मी बोलून दाखवायची, चाचा ऐकायचे. कधी एखाद्या स्वल्पविरामावरून पाऊण तास जायचा. पत्रिका न्यायला आलेली माणसं खोळंबायची. एकदा एक वरबाप वैतागून म्हणाला, "ओ चाचा, एवढ्या येळात माझ्या पोराचं लगीन लागून नातू झाला असता." चाचा म्हणाले, "त्याचं बारशाचं कार्ड पण आमच्याकडेच द्या." आणि परत माझ्याकडे वळले, "हं ताई, शेजारीण. ही कुठे थांबते?"

शेजारीण बोलता बोलता दाराकडे बघायची, नवरा येतो का म्हणून. तिला तीन दिले. पाहुण्यांचे मी सगळेच्या सगळे काढून टाकले. "तुमचा भाऊ तर म्हनला ह्याच उन्हाळ्यात उरकू आमी मांडववाल्याला सांगून आलोय अन आता हे धाव्वीचं काय काढलंत पोरगी शिकून काय कलेक्टर होनार हाय का." हे चाचांनी एका दमात वाचलं आणि शेवटी त्यांना खोकला आला. "अब ये आदमी आया घर में," ते म्हणाले. इतका आनंद मला कुठल्याच सौद्यात झाला नव्हता.

राहिलं ते आत्याचं वाक्य. चाचा वाचत वाचत "पन"पाशी आले आणि थांबले.

"हा कशाला?"

"ती इथे थांबली होती."

"का?"

"पाहुण्यांना जोखायला. बाजारात थांबायची तशी."

चाचांनी थोडा विचार केला. "बाजारात तिच्या हातात माल असायचा, ताई. तो वर उचलून दाखवायला थांबायची. इथे तिच्या हातात काय होतं?"

मी पान माझ्याकडे ओढून ते वाक्य परत वाचलं. शेवटी म्हटलं, "का थांबली मला ठाऊक नाही. पण थांबली होती. मी आत होते."

"मग राहू दे," चाचा म्हणाले. "हा बारात धरत नाही मी. हा वरचा."

वीस वर्षांत त्यांनी मला वर काही दिलेलं ते पहिल्यांदाच. मी आभार मानले नाहीत, आमच्यात तशी पद्धत नाही. आज इथे मानते. व्याकरण मला पुस्तकातून शिकता आलं असतं. पण आपल्या लिहिण्यात दुसऱ्या माणसांना श्वास घ्यायला जागा ठेवायची, हे मला त्या गल्लीतल्या स्टुलावर बसून कळलं. शिकवणाऱ्यानं त्याचं काही घेतलंही नाही.

छापायच्या आधीची शेवटची मुद्रितं घेऊन मी आण्याला गेले. आत्या थोडी आजारी होऊन उठली होती, आवाज बारीक झाला होता. वहिनीनं तिला उशीला टेकवून बसवलं. मी वाचायला लागले. आत्या या वेळीही "कोनाची गोष्ट" म्हणाली असती, तर मी ते पुस्तक छापलं नसतं. चाचांना तसं सांगूनच निघाले होते.

पाहुण्यांचं आल्याआल्याचं बोलणं मी एका दमात वाचलं. आत्या हसली. "व्हय, असाच बोलायचा मेला. मधी बोट घालाय जागा न्हाई."

मग तिचं वाक्य आलं. पोरगी द्यायची हाय, तुमच्याच घरी द्यायची हाय, पन. मी थांबले. छापलेल्या खुणेएवढीच थांबले, जास्त नाही.

"थांब," आत्या म्हणाली.

मी कागद खाली घेतला.

"हितं माझा घसा सुकला व्हता."

"काय?"

"भ्याले व्हते गं. भावानं शबुद दिल्याला. म्हनलं, आता ह्यो पावना उठून माझ्या मुस्काटात देतो का काय. धाव्वी, धाव्वी, मनात म्हनतीय, पर त्वांडातनं निघंनाच."

"मला वाटलं, तू त्यांना जोखत होतीस."

"जोखते कशाची! थुकी गिळत व्हते."

वहिनी पदर तोंडाला लावून हसायला लागली. मला हसावं की काय करावं ते कळेना. मी म्हटलं, "आत्या, मी तीस वर्षं सगळ्या गिऱ्हाइकांपुढे तुझ्यासारखी थांबत आलेय. तेच बघून."

"मंग? खपली न्हवं रोपं?"

"खपली."

"मंग झालं की."

"मला कधी सांगितलं नाहीस, भ्यालीस ते."

"तू कवा इचारलंस? तू आपली लोकांना सांगत हिंडायची, माझी आत्या अशी अन माझी आत्या तशी. म्हनलं, सांगू दे."

इतकी वर्षं मी एका न भिणाऱ्या बाईचे उपकार मानत होते. हुशारीनं थांबून दहावीचं वर्ष मिळवून देणाऱ्या बाईचे. आता कळलं, की ती बाई भ्यालेली होती, तिला शब्द सापडत नव्हता, भाऊ तुटणार हे तिला दिसत होतं, आणि तरीही तिनं तो शब्द बाहेर काढला. हे उपकार आधीच्यापेक्षा मोठे निघाले. ते कसे मानायचे ते मला सुचेना, म्हणून मी तिचे पाय दाबायला लागले. तिनं ते ओढून घेतले. "गुदगुल्या व्हत्यात. वाच पुढं."

मी वाचलं. पाहुणे उठून गेले तिथपर्यंत.

"हां," आत्या म्हणाली, "ही मीच हाय. मागल्या टायमाला तू वाचलीस ती कोन व्हती कुनास ठावं." मग ती उशीवरून जरा पुढे झाली. "अन चहाचं?"

"चहाचं काय?"

"पावना चहा तसाच ठिवून उठला. भरल्याली कपबशी. तू आत व्हतीस, तुला न्हाई दिसलं. ते गेल्यावर मी त्यो चहा प्याले. उभ्यानंच. साखर लई घातली व्हती पावण्यांसाठी, वाया कशी घालवू? हात आसा हालत व्हता, निम्मा बशीत सांडला, मंग बशीतला बी प्याले. त्ये लिवलंस का न्हाई?"

"नाही. मला माहीतच नव्हतं."

"मंग काय लिवलंस तू! काढ पेन."

मी वहिनीकडून पेन घेतलं आणि मुद्रिताच्या समासात लिहायला बसले. एका ओळीनं पान वाढलं, की चाचा ओरडणार होते. आत्या सांगत होती, मध्येच थांबत होती, श्वास घेत होती, परत सांगत होती, आणि मी तिच्या मागोमाग लिहीत होते.